वजन उतरवायचं मनावर घेतलंय? मग आधी वही काढा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बेळगावातल्या आमच्या वडगावहून येळ्ळूरला जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला जत्रा भरलेली असते. नवे बूट, नवी कानटोपी, हातात पाण्याची बाटली. संक्रांत झाली की गर्दी निम्मी. शिवारात मसूर-वाटाण्याची काढणी सुरू होईस्तोवर रस्त्यावर उरतात ते वर्षानुवर्षांचे सात-आठ जण. त्यातले एक आमच्या गल्लीतले सुभेदार मामा, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, वय ७१. सलग चार वर्षं मी गायब होणाऱ्यांत होतो. पाचव्या वर्षी टिकलो. बावीस महिन्यांत ९२ किलोंवरून ७९ वर आलो. मधे दोनदा तीन-चार किलो परत चढले, ते धरून.

मी डॉक्टर नाही, व्यायामाचा मास्तरही नाही. रविवार पेठेत एका धान्याच्या पेढीवर जमाखर्च लिहितो, दिवसाचे नऊ तास बैठक. चार वर्षं मला वाटायचं, आपल्यात जिद्दच नाही. एकदा मामांना विचारलं, "मामा, रोज हा उत्साह आणता कुठनं?" ते म्हणाले, "उत्साह कुठला रे बा? बूट दाराशी असतात, ते घालून जाऊलालो."

या उत्तरात निम्मा लेख संपला. उरलेला निम्मा, बूट दाराशी कसे आणायचे त्याचा.

पहिली पायरी : आरंभीची शिल्लक लिहा

नवी वही घालताना आधी शिल्लक लिहितात. माझं पहिलं खरं वजन पेढीवरच्या धान्याच्या काट्यावर झालं. आकडा पाहून हमाल म्हणाला, "दिवाणजी, बारदान (म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन) वजा करू काय?" सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही. ते न जेवणं मूर्खपणाचं होतं, पण त्याविषयी पुढे.

पहिल्या पानावर चार गोष्टी हव्यात. वजन. कमरेचा घेर. रक्तदाब. रक्ततपासणी, म्हणजे उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि थायरॉईडसाठी टीएसएच. थायरॉईड मंद असेल तर नुसत्या चालण्यावर राग काढून उपयोग नाही.

घेर मोजताना पँटचा नंबर सांगू नका. आम्ही पुरुष पोट वाढलं की पँट खाली सरकवतो आणि वर्षानुवर्षं "माझी चौतीसच" म्हणत राहतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडून. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की धोका वाढतो. उंचीच्या मानाने वजन पाहायचं तर किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. मी १.६८ मीटर, म्हणजे ९२ भागिले २.८२, उत्तर साडेबत्तीसच्या वर. आपल्याकडे २३ पासून पुढे वजन जास्त आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० पेक्षा हे आकडे खाली आहेत, कारण आपली चरबी पोटात लवकर साठते आणि साखरेचा त्रास कमी वजनातच सुरू होतो.

छातीत दुखतं, थोडं चाललं की धाप लागते, हृदयाचा आजार आहे, गरोदर आहात, गुडघा सुजलेला आहे, तर आधी डॉक्टर, मग बूट. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक जेवण तोडलं आणि चालणं वाढवलं तर साखर फार खाली जाऊन माणूस रस्त्यात कोसळू शकतो. अशांनी औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं आणि खिशात साखर ठेवावी.

दुसरी पायरी : कारण आपलंच असू दे

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, कारण बहुतेक जण इथेच घसरतात. आमच्याकडे कारण बाहेरून फुकट मिळतं. लग्नात भेटलेली काकू म्हणते, "काय रे, पोट किती सुटलंय तुझं!" मित्र रीलवर कुणाचं तरी 'आधी' आणि 'नंतर' पाठवतो. मुलीच्या शाळेत कुणी आजोबा समजतं. याने माणूस पेटतो खरा, पण ती आग काकूची असते. काकू निपाणीला परत गेली की विझते.

माझं मागच्या चार वर्षांचं कारण "लोक हसतात" हेच होतं. लोक हसायचे थांबले, म्हणजे त्यांना माझ्या पोटाची सवय झाली, की मीही थांबायचो. पाचव्या वर्षी वहीत "वजन का कमी करायचं?" असं लिहिलं आणि खाली उत्तर लिहून त्या उत्तरालाच पुन्हा "का?" विचारत गेलो. पहिलं उत्तर, साखर होऊ नये म्हणून. का? वडिलांना होती, शेवटी पायाची दोन बोटं गेली. मग? मला कुणावर टेकून जगायचं नाही. म्हणजे नेमकं काय? इथे पेन बराच वेळ अडला. मग आठवलं. बहिणीच्या गावी लक्ष्मीची यात्रा होती. आमच्या भागातली यात्रा म्हणजे घराघरांत शेकड्यांनी पाहुणे, अंगणात पंगतीवर पंगत, मटणाचा रस्सा आणि भात. जेवून उठताना मी दोन्ही हात जमिनीला टेकले, तरी उठता येईना. भाच्याने खांद्याला धरून उभं केलं. मागची पंगत जागेसाठी उभी होती, ती माझ्याकडे बघत होती.

तर मी लिहिलं: पुढच्या यात्रेत हात न टेकता पंगतीतून उठायचं.

तुमचं कारण असंच हाताने दाखवता येईल असं असावं. राजहंसगडावर मुलाच्या बरोबरीने, मधे न थांबता चढायचं. लग्नातली पैठणी नव्या ब्लाउजविना नेसायची. गुडघ्याची गोळी रोजच्याऐवजी आठवड्याला एकदा. "फिट व्हायचं" हे कारण नव्हे, ते कुणाचंही असू शकतं. आणि कारणात दुसऱ्या माणसाचं तोंड बंद करण्याचा हेतू असेल तर ते खोडा.

तिसरी पायरी : लांबचा आकडा झाकून ठेवा

९२ वरून ६५ वर येणं हा माझा जुना संकल्प. रोज सकाळी २७ किलोंचं कर्ज डोक्यावर घेऊन कोण उठेल? आता पहिला टप्पा वजनाच्या पाच टक्क्यांचा ठेवा. माझे ते साडेचार किलो झाले. पाच ते दहा टक्क्यांनीच रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी यांच्यात फरक दिसू लागतो. वेग आठवड्याला अर्धा किलो धरा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोसाठी रोज साडेपाचशेची तूट. "महिन्यात दहा किलो" ची पाटी दिसली की हा भागाकार करून बघा आणि पुढे चला. पावडरीचे डबे विकणारे ओळखीतलेच असतात, त्यांना नाही म्हणणं चालण्यापेक्षा अवघड, हे मान्य.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि माणूस हवेत जातो. त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या पिष्टाबरोबर त्याच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं, साठा खर्च झाला की तेही निघून जातं. हमालाच्या भाषेत बारदान. दुसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, तेव्हा "आपल्याला लागूच होत नाही" म्हणून निम्मे लोक सोडतात. माल आता कुठे उतरायला लागलाय.

आणखी एक. किलो आपल्या हातात नसतात, चालणं असतं. म्हणून वहीत उद्दिष्ट लिहायचं ते "या आठवड्यात पाच दिवस तीस मिनिटं" असं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतका. १० हजार पावलांचं ओझं मात्र घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानात निघालेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला, त्याआधी कुणी मोजमाप करून काढलेला नव्हता.

चौथी पायरी : "जर" आणि "तर"

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की "मी व्यायाम करीन" एवढा निश्चय फार दूर नेत नाही. कधी, कुठे आणि काय झालं तर काय करायचं हे आधी ठरवलेलं असेल, तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. कारण ऐनवेळी विचार करावा लागत नाही. साडेपाचला अंथरुणात पडून केलेला विचार कधीच बुटांच्या बाजूचा नसतो.

माझ्या वहीतली वाक्यं अशी आहेत. गजर झाला, तर आधी पाय जमिनीला, मग डोळे उघडायचे. नळाला पाणी यायचा दिवस असेल, तर सकाळी पाणी भरायचं आणि संध्याकाळी पेढीवरून परतताना चालायचं. (आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस म्हणजे पहाटेचा सगळा कार्यक्रम रद्द. जुन्या चार वर्षांत माझे बरेच संकल्प नळाखाली वाहून गेले.) पेढीवर चारला भजी आली, तर दोन घ्यायची आणि कागद पुढे सरकवायचा. रात्री साडेनऊनंतर खावंसं वाटलं, तर ताक.

बेळगावात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पावसाचं. "गरिबांचं महाबळेश्वर" म्हणून आपण मिरवतो, पण जून ते सप्टेंबर हे महाबळेश्वर अंगावर येतं. येळ्ळूर रोडला चिखल, आणि खानापूर-कणकुंबीकडे तर दिवसचे दिवस उघडीप नाही. पावसासाठी वेगळी योजना मे महिन्यातच लिहून ठेवा: घरात दहा सूर्यनमस्कार, नसेल जमत तर पाच, जिन्याच्या वीस फेऱ्या, खुर्चीवरून हात न लावता उठण्या-बसण्याचे पंधरा-पंधराचे तीन हप्ते. उघडीप मिळाली तर टिळकवाडीकडच्यांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहेच. छत्री-रेनकोटचा शूरपणा मी दोन दिवस केला, तिसऱ्या दिवशी ताप.

ताटाविषयी, कारण चालण्याने सगळं फिटत नाही

अर्धा तास चालण्यात माझ्यासारख्या देहाचे सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात. आता घरातलं तेल मोजू. आमच्याकडे चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा. ५,००० मिलिलिटर भागिले चार माणसं, भागिले ३० दिवस, म्हणजे माणशी रोज ४२ मिलिलिटर, साधारण ३४५ कॅलरी. डबा तीन लिटरवर आणला की माणशी २५ मिलिलिटर, २०७ कॅलरी. रोजची बचत १३८, म्हणजे एका माणसाचा जवळजवळ एक फेरफटका, आणि तो घरातल्या चौघांना न चालता मिळाला. हा हिशेब मांडला तेव्हा बायको म्हणाली, "मग स्वयंपाक तूच कर की." दोन रविवार केला. भरली वांगी कमी तेलात शिजतात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर. झुणका मात्र कमी तेलात कोरडा होतो, तो महिन्यातून दोनदाच पण मनासारखा खावा असं आमचं ठरलं.

भाकरी-भात सोडायची गरज नाही. ज्वारीची भाकरी दोनाची एक, भात दोन वाट्यांचा एक वाटी, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मटकीची उसळ, घट्ट डाळ, अंडी, काकडी-मुळा. प्रथिनं पुरेशी असली की भूक लांबते आणि वजनाबरोबर स्नायू झडत नाहीत. नवा भात घरात आला, बेळगाव बासमतीचा वास गल्लीभर सुटला, की एक वाटी म्हणजे अन्याय वाटतो. त्या आठवड्यात मी दीड वाटी खातो आणि वहीत दीडच लिहितो. शेंगाचटणी चमच्याने वाढून घ्या, बाटली ताटाशेजारी नको. एकादशीची साबुदाणा खिचडी हा उपास नव्हे, वजनाच्या दृष्टीने ती मेजवानी.

कुंद्याविषयी, आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईविषयी, विचाराल. घरात डबा आणायचा नाही. बाहेर, ठरवून, कुणाबरोबर तरी, एक वाटी. डबा फ्रिजमध्ये असताना जिद्द दाखवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मांडेही लग्नापुरते.

जेवण बुडवू नका. काट्याच्या त्या दिवशी मी उपाशी झोपलो आणि दुसऱ्या दिवशी कॅम्पातल्या बेकरीत जे केलं ते वहीत लिहिलेलं नाही.

पाचवी पायरी : रोजकीर्द

वही रोज भरायची, पण एका ओळीत. तारीख, किती मिनिटं चाललो, रात्रीचं जेवण किती वाजता, आणि "जमलं / नाही जमलं". बस. मोबाइलवर कॅलरी मोजणारी ॲपं आहेत, मी तीन दिवस वापरलं. आंबोळीचं वजन ग्रॅममध्ये विचारायला लागलं तेव्हा काढून टाकलं. तुम्हाला जमत असेल तर उत्तम.

वजन आठवड्यातून एकदाच घ्या, त्याच वारी, सकाळी शौचाहून आल्यावर, त्याच काट्यावर. एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होतं. यात्रेचं खारट-तिखट जेवण झालं की दुसऱ्या दिवशी पाणी धरून काटा दीड किलो वर दाखवतो, तेवढी चरबी एका रात्रीत चढत नाही. बायकांना पाळीच्या आधीही असंच होतं. महिनाअखेरीस चार वजनांची सरासरी काढा आणि खतावणीत तीच लिहा. घेर महिन्यातून एकदा. माझं वजन सात आठवडे जागचं हललं नव्हतं, त्या काळात घेर तीन सेंटिमीटर कमी झाला. वही नसती तर मी त्याही वर्षी सोडलं असतं.

सोबत

मामांशी ठरलं, ते साडेपाचला आमची कडी वाजवणार. मित्राला मेसेज करून "झोपलो होतो" म्हणता येतं. ७१ वर्षांचा माणूस थंडीत दारात उभा असताना म्हणता येत नाही. सोबत आपल्याहून नियमित माणसाची धरावी, आपल्याइतक्याच उत्साही माणसाची नको. दोन उत्साही एकाच दिवशी ढिले पडतात.

घरातल्या बाईच्या बाबतीत सल्ला देणारे एक विसरतात. पहाटे तिचे डबे, पाणी, पूजा असते, आणि अंधारात एकटीने शिवाराच्या रस्त्याला जाणं तिला नको असतं, कुत्र्यांचा त्रास वेगळाच. तिला प्रेरणेची व्याख्यानं देऊ नका, अर्ध्या तासाचं एक काम तिच्याकडून काढून घ्या. आमच्याकडे मुलीचा डबा मी भरतो. बायको शेजारच्या दोघींबरोबर सकाळी सातला जाते, उजाडल्यावर. माझ्यापेक्षा तिचे दिवस जास्त भरलेत, तेही वहीविना.

खंड पडणार, तो धरूनच चाला

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींवर बारा आठवडे लक्ष ठेवलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. "एकवीस दिवसांत सवय" ही ऐकीव गोष्ट सोडून द्या. त्याच अभ्यासात दिसलेलं मला जास्त कामाचं वाटतं: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणून माझा नियम एवढाच, लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, मग गावोगावच्या यात्रा, भाद्रपदात गणपती. दहा दिवस मोदक-आरत्या चालू असताना अर्ध्या तासाचं चालणं जमत नसेल तर दहा मिनिटं गल्लीला फेरी मारा, पण "जमलं" लिहा. आणि पूर्णच सुटलं, तर पुढच्या जानेवारीची वाट बघू नका. आपल्याकडे नवी सुरुवात करायला पाडवा आहे, श्रावण आहे, दसरा आहे, कंटाळा आला तर येता सोमवार आहे. मी दोनदा श्रावणातच परत उभा राहिलो. घरात मटण बंद झालेलं असतं, निम्मं काम झालेलं असतं.

सहाव्या-सातव्या महिन्यात वजन अडतं. देह हलका झाला की तेवढ्याच चालण्यात कमी ऊर्जा लागते. इथे आणखी जेवण तोडण्यापेक्षा ताकदीचे दोन दिवस वाढवा. खुर्चीच्या बैठका, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलणं. आनंदवाडीच्या कुस्त्या बघून जोर-बैठकांचं वेड सगळ्यांनाच लागतं, पण चाळिशीनंतर जड देहाने खोल बैठका एकदम मारल्या तर गुडघा बोलतो. माझा बोलला. तीन आठवडे गेले.

गेल्या उन्हाळ्यात मेव्हण्यांच्या भावकीत दुसऱ्या गावची यात्रा होती. तिसऱ्या पंगतीला बसलो. दोन वाढप रस्सा घेतला, भातही. उठताना उजवा हात मांडीवर ठेवला, डावा जमिनीला टेकला तो टेकलाच. भाचा शेजारीच होता, त्याने खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. दुसऱ्या दिवशी सोमवार, वजनाचा वार. काटा काढला नाही. त्या रकान्यात "एक हात" लिहिलं आणि मामांनी कडी वाजवली म्हणून वही मिटली.